आधी आरसी बुक, मग किक: जुन्या बुलेटची योग्य किंमत कशी काढायची

प्रश्न असा आहे. गोव्यात फोंड्याजवळ १९८४ ची बुलेट ३५० विकायला आहे. नंबर ‘जीडी’ने सुरू होणारा, गोव्याचा जुना. मालक म्हणतो ‘फुल रिस्टोअर्ड, व्हिंटेज पीस’, आणि मागतो १ लाख ७५ हजार. आरसी बुक वडिलांच्या नावावर, वडील हयात नाहीत, आणि पासिंग संपून दोन वर्षं झालीत. घ्यावी का, आणि घ्यायची तर कितीला?

आज आहेत त्या कागदांवर घेऊ नये. कागद सरळ झाले तर लाखाच्या आसपास विचार करायला हरकत नाही. हा आकडा कसा येतो ते खाली मांडतो, म्हणजे दुसरी गाडी बघायला जाल तेव्हाही उपयोगी पडेल.

पहिल्यांदा ‘व्हिंटेज’ हा शब्द बाजूला ठेवा. गोव्यात किक मारावी लागते ती प्रत्येक गाडी व्हिंटेज असते, निदान विकताना तरी. केंद्राच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज वाहन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनं, मूळ रूपातलं, चेसिस-इंजिनात मोठा फेरफार न झालेलं. अशा गाडीची नवी नोंदणी करायची तर फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि गाडी प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. १९८४ ची बुलेट त्यात बसत नाही, आणि रोज फोंडा-पणजी करायची असेल तर बसली नाही तेच बरं. तेव्हा त्या शब्दाचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत.

किंमत काढायची रीत उलटी आहे. मालकाच्या आकड्यापासून खाली यायचं नाही. त्याच मॉडेलची, त्याच काळातली, कागद साफ असलेली आणि आज बसून कारवारला जाता येईल अशी गाडी सध्या किती रुपयांना *विकली गेली*, तिथून सुरुवात करायची. मग समोरची गाडी त्या पातळीला आणायला लागणारा प्रत्येक खर्च वजा करत जायचं. जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी, विक्री नव्हे. जाहिरात दिसली की नंबर लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी फोन लावा. गाडी अजून तिथेच असेल तर तो भाव बाजाराने नाकारला असं समजा. गेली असेल तर ‘कितीला गेली हो?’ असं सरळ विचारा, बरेच जण सांगतात. शिवाय म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या जुन्या बुलेटच्या मेस्त्रींना कुठली गाडी कितीला फिरली हे माहीत असतं. असे तीन-चार खरे व्यवहार हाती आले की मधला आकडा पायाभूत धरायचा.

आता कागद. इंजिन पैशाने दुरुस्त होतं, कागद दरवेळी होत नाहीत, म्हणून ते आधी. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. १९८४ ची गाडी म्हणजे १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे सहा मुक्काम. शेवटचा चुकलेला आहेच, आधीच्या पाचांचे शिक्के बुकावर आहेत का मोजा. उशीर झाला की दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा पडतात. म्हणजे दोन वर्षांचे २४ गुणिले ३००, झाले ७,२००. वर नूतनीकरणाची फी. २० वर्षांवरच्या दुचाकीला ती ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झाली आहे. हा हिशोब विक्रेत्यासमोर कागदावर लिहून दाखवा. ‘पासिंग करून घ्या, किरकोळ काम आहे’ हे वाक्य मग आपोआप बंद होतं.

जुनी बुकं हाताने लिहिलेली आहेत. गाडीचा नंबर ‘वाहन’ या सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत टाकून बघा. काहीच आलं नाही तर आरटीओत बॅकलॉग नोंद (जुन्या बुकाची प्रणालीत नोंद) करून घ्यावी लागते, त्याशिवाय ना पासिंग ना नाव बदल. बुकातली एचपीची, म्हणजे कर्जाच्या बोजाची, ओळही बघा. १९८० च्या दशकात कर्ज काढून घेतलेल्या गाड्यांवर बँकेचा बोजा कधी उतरवलेलाच नसतो. तो काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला लागतो, आणि ती बँक किंवा पतसंस्था दरम्यान दुसरीत विलीन झाली असली की दाखला मिळवणं हे स्वतंत्र काम होतं.

तुमच्या गाडीत खरी मेख आहे ती वडिलांच्या नावाची. मृत माणसाच्या नावावरची गाडी मुलगा फॉर्म २९ आणि ३० वर सही करून विकू शकत नाही. आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर, मग तिथून तुमच्या नावावर. आणि आपल्या गोव्यात वारस म्हणजे फक्त ताबा असलेला थोरला मुलगा नव्हे. आपल्या नागरी कायद्यात दांपत्याची मालमत्ता साधारणपणे सामाईक, म्हणजे अर्धा वाटा आईचा, आणि उरलेल्यात सगळी मुलं आली, लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा. एखादी बहीण पोर्तुगालला असली तर तिची संमती यायला चवथ उलटते. हे काम विक्रेत्याचं. ‘पाच हजार कमी द्या आणि तुम्हीच बघा’ असं म्हणाला तर नाही म्हणा. पाच हजारात तुम्ही त्याच्या घरच्या वाटणीचा वाद विकत घेत असता.

नंबर तपासायला एक पातळ पांढरा कागद आणि मऊ पेन्सिल न्या. चेसिसवरचा नंबर चिंधीला थोडं पेट्रोल लावून पुसून घ्या, कागद त्यावर घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलके घासा. आकडे पांढरे उमटतात. मूळ पंचिंग असेल तर आकड्यांभोवतीची पार्श्वभूमी एकसारखी करडी येते. कानस किंवा ग्राइंडर फिरवून नवा नंबर मारला असेल तर आकड्यांच्या मागे तिरक्या बारीक रेघा उमटतात, किंवा एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल आणि जरा कलता दिसतो. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर), ब्लॉकच्या खाली असतो, त्याचीही तशीच प्रिंट घ्या. दोन्ही बुकाशी अक्षरन् अक्षर जुळायला हव्यात. इंजिन बदललेलं आणि बुकात नोंद नाही, तर गाडी कितीही गोड वाजू दे, ती सुट्या भागांच्या भावाची. नंबरच्या जागी जाड ताजा रंग किंवा लांबी (पुट्टी) दिसली तर तो खरवडू द्यायला मालक तयार आहे का, एवढंच विचारा. उत्तर त्याच्या चेहऱ्यावरच मिळतं.

जीडी नंबरची हौस पुष्कळांना असते. गोव्यातल्या गोव्यात गाडी फिरली तर नंबर तोच राहतो, आणि त्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही. पण घेणारा सावंतवाडीचा असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला घेऊन तिकडे एमएच-०७ चा नवा नंबर पडणार, तिकडचा करही भरावा लागणार. जुन्या नंबरचे पैसे त्याने दिले तर ते पत्रादेवीच्या नाक्यावरच पाण्यात. उलट बाजूने, बेळगाव किंवा सिंधुदुर्गातून स्वस्त दिसलेली गाडी इकडे आणताना हाच खर्च आपल्या अंगावर येतो, तो वजा करूनच ती स्वस्त आहे की नाही ठरवा.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने दिलेली गाडी. पायलटकडे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याकडे, प्रवासी वाहतुकीला असलेली गाडीही त्याच हिशोबात धरा. खाजगीत रूपांतर झालेलं असलं तरी जुन्या बुकात ते दिसतं. अशा गाडीचा किलोमीटर काटा बघण्यात वेळ घालवू नका. दहा-दहा हंगाम वेगवेगळ्या पर्यटकांनी क्लच दाबलेल्या गाडीला कमी भाव, बस.

कागद पटले की गाडीकडे वळा. इथे खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे गंज हा पहिला शत्रू, आणि तो जिथे रंग पोचत नाही तिथे असतो: बॅटरीच्या पेटीखाली, मागच्या मडगार्डच्या पोटात, टाकीच्या खालच्या शिवणीवर, हेडलाइटच्या वाटीत, स्पोकच्या निपलांत. खाणपट्ट्यातली गाडी असेल तर मडगार्डच्या आत लाल मातीचा थर असतो, तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे हलके ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, लांबी भरलेला बदबद वाजतो. टाकीसाठी फ्रिजवर लावायचं छोटं लोहचुंबक आणि पोस्टकार्ड न्या. कार्ड मध्ये धरून चुंबक फिरवा, जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी आहे. टाकीचं झाकण उघडून मोबाईलचा टॉर्च मारा. तळाशी तांबडी भुकटी असेल तर ती कार्ब्युरेटरपर्यंत गेलेली असणारच. आत पांढरं-राखाडी लेपण दिसलं तर कोणीतरी गळती बुजवली आहे, आणि आजच्या ई२० पेट्रोलमध्ये असली जुनी लेपणं पापुद्रे होऊन सुटतात. टाकी तेव्हा बदलायची असं धरा.

‘रिस्टोअर्ड’ गाडीबद्दल माझं मत कडक आहे. नवा रंग, नवं क्रोम, नवे स्टिकर यांनी किंमत वाढत नाही, फक्त तपासणी अवघड होते. रंग उडालेली पण मूळ मडगार्ड, मूळ टूलबॉक्स, मूळ हेडलाइट कॅप असलेली गाडी चकाकणाऱ्या गाडीपेक्षा जास्त मोलाची, कारण तिच्यात काय आहे ते दिसतं. रिस्टोअर केली म्हणता ना, तर मशीन शॉपचं बिल, पिस्टनचा साईज, उघडल्याचे फोटो दाखवा. काहीच नसेल तर ते रंगकाम, आणि रंगकामाचे पैसे विक्रेत्याने स्वतःच्या समाधानासाठी घातले.

इंजिन थंड असताना बघायचं. फोनवर आधीच सांगून ठेवा, ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका.’ पोचल्यावर पहिल्यांदा ब्लॉकवरच्या थंडाव्याच्या पट्ट्यांना (फिन्सना) हात लावा. कोमट लागला तर चहा मागा आणि तासभर बसा. अँपिअर मीटर बघत किक दाबायची, काटा मधोमध आला की डिकॉम्प (कॉम्प्रेशन सोडणारा खटका) दाबून किक थोडी पुढे न्यायची, सोडायची, आणि मग पूर्ण किक. टायमिंग आणि पॉइंट (ठिणगीचे कॉन्टॅक्ट ब्रेकर) बरोबर असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या किकला घेते. पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. डिकॉम्प न वापरता किकवर वजन टाकलं तर कॉम्प्रेशनने काही सेकंद माणूस तोलून धरला पाहिजे. पाय सरळ खाली गेला तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गळतायत.

धुराचा अर्थ नीट लावा, कारण इथे लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निश्चिंत होतात. महिनाभर उभ्या असलेल्या जुन्या बुलेटमध्ये तेल पंपातून झिरपत क्रँकमध्ये उतरतं. चालू केल्यावर एकदम निळसर लोट येतो आणि दोन-चार मिनिटांत साफ होतो. हे मोठं दुखणं नाही. गरम झाल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना निळा धूर सतत येत असेल तर रिंगा-बोअर, म्हणजे हाफ इंजिनचं काम. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली आलात आणि पुन्हा उघडताच एक झुळूक आली तर व्हॉल्व्ह गाइड. फोंड्याच्या आसपास चढ-उताराला तोटा नाही, तेव्हा सपाट रस्त्यावर चाचणी उरकू नका.

आवाजही तसाच. थंडीत येणारा आणि गरम होताच कमी होणारा टकटक आवाज पिस्टनचा, त्याच्याबरोबर वर्षं काढता येतात. वेग धरून एकदम ॲक्सिलरेटर सोडल्यावर खालून जाड ‘ठक-ठक’ आला तर कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक गेलं, आणि त्याला क्रँक बाहेर काढण्याशिवाय इलाज नाही, म्हणजे फुल इंजिन. उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण एका नटवर उघडतं, तेवढं उघडून मागा. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना पुशरॉड बोटांनी फिरायला हवेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. आत काळा चिकट गाळ दिसला तर तेल कधी वेळेवर बदललेलं नाही. ब्लॉक किती वेळा बोअर केला हेही विचारा. शेवटच्या ओव्हरसाईजवर (सगळ्यात मोठ्या पिस्टनवर) असेल तर पुढच्या वेळी ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह (आतली नळी) मारावी लागेल.

गिअर उजव्या पायाखाली, पहिला वर आणि बाकी खाली. दुसऱ्या किंवा तिसऱ्यात जोर दिल्यावर गिअर उडत असेल तर गिअरबॉक्स उघडायचा खर्च धरा. चेसिस मात्र बारकाईने बघा. किनारपट्टीवर मध्यंतरी गाड्यांचे चॉपर बनवण्याची साथ आली होती, त्यात कित्येक बुलेटचे मागचे नळे कापले गेले आणि फोर्क लांबवले गेले. नंतर त्या परत ‘ओरिजिनल’ झाल्या. सीट काढून वेल्डिंगचे सांधे बघा, आणि दोरा मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का तपासा. कापून जोडलेली चेसिस असेल तर मी भाव करत बसत नाही.

बुलेटऐवजी येझदी बघत असाल तर रीत तीच, जागा वेगळ्या. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील बघायचे. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल इंजिन पिऊन टाकतं, जाड पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत राहतं. दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा शिरते, इंजिन स्वतःच्या मनाने रेस होतं आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आणि आता त्याच नावाने निघालेल्या नव्या गाड्यांचे भाग जुन्याला बसत नाहीत. म्हणून येझदीत हरवलेला प्रत्येक मूळ भाग बुलेटपेक्षा महाग धरा. आरएक्स १०० चा भाव सध्या हौसेवर चालतो, त्यात ब्लॉक घासून पोर्ट मोठे केलेले नाहीत ना एवढं बघा. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमलात आलेल्या विलायती गाडीला तुलनेचे व्यवहार सापडत नाहीत. तिथे काय काय नाही याची यादी करून एकेका भागाचा भाव आणायचा आणि मगच बोलायचं.

आता तुमचा हिशोब. आकडे नमुन्यादाखल आहेत, आपल्या मेस्त्रीकडून स्वतःचे घ्या. समजा साफ कागदांच्या, चालत्या १९८० च्या दशकातल्या बुलेटचे खरे व्यवहार दीड लाखाच्या आसपास झालेत. त्यातून पासिंगचा दंड, फी, विमा, पीयूसी मिळून ११ हजार. हाफ इंजिन १४ हजार. टायर-ट्यूबची जोडी साडेसहा हजार, कारण टायरच्या बाजूला चार आकड्यांत आठवडा-वर्ष छापलेलं असतं आणि सहा वर्षांपुढचं रबर नक्षी कितीही शाबूत असली तरी बदलायचं. वायरिंग आणि बॅटरी ६ हजार, फोर्कचे सील-बुश ४ हजार. झाले ४१,५००. उघडल्यावर सापडणाऱ्या गोष्टींसाठी पासिंग सोडून बाकी कामाचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेसात हजार. एकूण ४९ हजार. उरले १ लाख १ हजार. जीडी नंबरची तुमची हौस असेल तर त्यात चार हजार घाला. ९५ हजारांपासून बोलायला लागा, आणि १ लाख ५ हजारांना उठा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पर्यटनाचा हंगाम आणि रायडरांचे मेळावे सुरू होतात, तेव्हा भाव चढतात. जुलै-ऑगस्टात, चवथीच्या आधी, विकणाऱ्याला पैशांची गरज असते आणि पावसात गाडी चालू करून बघायची आयती संधी मिळते. भिजलेल्या बुलेटचं वायरिंग खोटं बोलत नाही.

पटलं तर पाच हजार विसार द्या आणि विसारपावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: फॉर्म ३१ ने गाडी विक्रेत्याच्या नावावर होणं, नूतनीकरण होणं (त्याचा खर्च किमतीतून वजा केला आहे, तेव्हा तो तुमचा), आणि यासाठी ठरलेली तारीख. तारीख टळली तर विसार परत. कागद झाल्यावर गाडी आणि फॉर्म २९-३० च्या सह्या एकाच वेळी घ्या, १५ हजार हाताशी ठेवून बाकीची रक्कम बँकेतून द्या, आणि ‘वाहन’वर तुमचं नाव दिसल्याच्या दिवशी ते १५ हजार सोडा. विक्रेत्याला हे मान्य नसेल आणि गाडीचा मोह सुटत नसेल, तर चेसिस सोडून इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि मडगार्ड सुटे किती रुपयांना जातील तेवढीच बोली लावा. फोंड्याचा कुठलाही जुना मेस्त्री तो आकडा उभ्या उभ्या सांगेल.